पाथचा पत्ता

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नाव आणि त्याची किंमत यांची जोडी. प्रोग्राम सुरू होताना अशा जोड्यांची यादी शिदोरीसारखी त्याच्यासोबत दिली जाते. आज्ञा कोणत्या डिरेक्टरींत शोधायच्या, वापरणाऱ्याचे घर कोणते, तात्पुरत्या फायली कुठे टाकायच्या, हे त्याला तिच्यातून कळते.

ही सोय आजच्या रूपात आली ती १९७९ साली, बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत. त्याआधी जॉन मॅशी यांच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्राममध्ये, घरासाठी आणि शोधमार्गासाठी एकेका अक्षराची व्हेरिएबल होती. स्टीफन बोर्न यांच्या नव्या शेलमध्ये त्यांच्या जागी होम आणि पाथ आले. एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला, की या अपत्य प्रोग्रामला जनकाकडून यादीची फक्त नक्कल मिळते. मुलाने केलेला बदल बापाला कळत नाही. त्यामुळे बदल सर्वत्र लागू व्हायचा तर वंशावळीत पुरेसे वर जावे लागते. हे ‘वर’ नेमके कुठे, यावर पुढे प्रत्येक यंत्रणेने आपले वेगळे उत्तर शोधले.

१९८३ च्या एमएस-डॉस २.० ने उपडिरेक्टरी आणल्या आणि त्यांच्यासोबत पाथही. युनिक्समध्ये मार्गांच्या मध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह (:) असे. इथे ते ड्राइव्हच्या अक्षरामागे आधीच लागत होते, म्हणून अर्धविराम आला. व्हेरिएबल ठरवणाऱ्या सेट या आज्ञेच्या ओळी ऑटोएक्झेक.बॅट या फायलीत लिहायच्या आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत या यादीला एरवी जेमतेम १६० बाइट मिळत. लांबलचक पाथ आणि साउंड ब्लास्टर कार्डाचा पत्ता, इंटरप्ट व डीएमए सांगणारी ओळ एवढ्यानेही ती भरू शके. मग जागा संपल्याचा संदेश येई, आणि कॉन्फिग.सिस मधल्या शेलच्या ओळीत आकडा वाढवावा लागे. खेळातून आवाज यावा म्हणून एवढा खटाटोप!

१९९३ च्या विंडोज एनटीने ही नोंद रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदवहीत नेली आणि तिचे दोन कप्पे केले: एक साऱ्या यंत्राचा, दुसरा त्या त्या वापरणाऱ्याचा. पाथच्या बाबतीत यंत्राचा भाग आधी, वापरणाऱ्याचा मागून जोडला जातो. बदल करायला कंट्रोल पॅनेलमध्ये चौकट मिळाली, पण शेकडो अक्षरांचा पाथ एका अरुंद ओळीत सरकवत वाचावा लागे. एक अर्धविराम चुकला की आज्ञा सापडेनाशी होई.

मॅक ओएस एक्समध्ये यासाठी वापरणाऱ्याच्या घरातल्या एका लपलेल्या डिरेक्टरीत प्लिस्ट फाइल ठेवावी लागे. २०१२ च्या माउंटन लायनने तिच्याकडे पाहणेच सोडले. शेलच्या फायलीत लिहिलेले टर्मिनलमध्ये चाले, पण डॉकवरून उघडलेल्या प्रोग्रामपर्यंत पोचत नसे, कारण त्याचा जनक टर्मिनल नसून, प्रोग्राम सुरू करणारा लाँचडी होता.

विंडोजची ती अरुंद चौकट टिकली २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत. त्या महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत पाथ अखेर एकाखाली एक ओळींत दिसू लागला. बदल झाल्याचा निरोप एक्सप्लोररला मिळतो. आधीच उघडलेली कमांडची काळी खिडकी मात्र जुन्याच नकलेवर चालत राहते, आणि ती बंद करून पुन्हा उघडावी लागते.