खेळाडूचे वर्तन आणि समाजाचा आदर : काही शब्द, काही प्रसंग

रावेर तालुक्यातील बोलीचा शब्दसंग्रह करीत असता कुस्तीच्या शब्दांसाठी प्रस्तुत लेखकाला एक स्वतंत्र वही करावी लागली. सातपुड्याचा पायथा आणि तापीचा काठ ह्यांच्या दरम्यान पसरलेल्या ह्या मुलखाची ख्याती केळीच्या बागांसाठी आहे. तथापि यात्रा-उरुसांच्या दिवसांत भरणाऱ्या कुस्त्यांची ओढही येथे कमी नाही. ह्या कामात एका वृद्ध वस्तादांकडे गेलो असता त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या एका नावाजलेल्या मल्लाचा विषय निघाला. भिंतीवर अनेकांची छायाचित्रे होती, त्याचे नव्हते. कारण विचारता वस्ताद म्हणाले, "तो घरात बायकोवर हात उचलायचा. तो हात ह्या तालमीनं दिलेला होता. फोटो मी लावू दिला नाही. त्याचा डाव मात्र आजही पोरांना शिकवतो."

खेळाडूच्या वैयक्तिक वर्तनाचा त्याला मिळणाऱ्या आदराशी संबंध असावा काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याची उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. एक पक्ष म्हणतो की खेळाडूचा खेळ पाहावा, त्याच्या घरात डोकावू नये. दुसरा म्हणतो की तरुण पिढी ज्याचे अनुकरण करते त्याचे शील निष्कलंकच असले पाहिजे. वस्तादांचे उत्तर ह्या दोहोंत बसत नाही. ते कितपत टिकते हे आपल्या इतिहासातील काही प्रसंगांच्या आधारे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. 'आखाडा' हा शब्द संस्कृत 'अक्षवाट' ह्यापासून प्राकृताच्या द्वारे आलेला आहे. मूळ अर्थ द्यूताची जागा. 'पैलवान' आणि 'वस्ताद' फारसीतून आले, आणि 'तालीम' ह्या अरबी शब्दाचा अर्थ तर शिक्षण असाच आहे. मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेले बऱ्हाणपूर रावेराहून जवळच असल्याने येथे असे शब्द रुळले ह्यात नवल नाही, परंतु ते सर्व महाराष्ट्रात सारखेच रुळलेले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, व्यायामाच्या जागेला आपल्या भाषेने शिक्षणाचे नाव दिले आणि मल्लाच्या मार्गदर्शकाला गुरूचे. 'लंगोटबंद' हा शब्द वस्त्राविषयी असूनही त्याचा अर्थ संयमी असा होतो. ठरवून केलेल्या खोट्या लढतीला 'नुरा कुस्ती' असे वेगळे आणि तुच्छतादर्शक नाव आहे. ह्यावरून कुस्तीच्या परंपरेत वर्तन हा विद्येचाच एक भाग मानला जात होता, असे अनुमान करता येते.

ह्याला व्यावहारिक कारणेही होती. मल्लाचा खुराक दुसऱ्याच्या पैशाने चाले. पूर्वी संस्थानिक, पुढे गावकरी हा खर्च करीत. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर हे कुस्तीचे केंद्र झाले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. जो समाज मल्लाला पोसतो तो त्याच्या वागणुकीकडेही पाहणार, हे ओघानेच आले. शिवाय सामान्य माणसापेक्षा अधिक बळ कमावलेल्या माणसाकडून इतरांना भय असू नये, ही अपेक्षा तर्काला धरूनच होती.

येथवर दुसऱ्या पक्षाची बाजू भक्कम दिसते. परंतु वर्तनाची ही कसोटी कोण लावतो आणि कोणाला लावतो हा प्रश्न पुढे केला की चित्र पालटते. ह्या दृष्टीने पालवणकर बंधूंचा इतिहास महत्त्वाचा आहे.

बाळू पालवणकर चर्मकार कुटुंबात जन्मले. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करीत असता ते तेथील फलंदाजांना गोलंदाजी करू लागले आणि त्यातून त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पंक्तीला मात्र ते नको होते. मैदानावर सर्वांनी झेललेला तोच चेंडू; विश्रांतीच्या वेळी बाळूंचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यातून मंडपाबाहेर येई. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळताना त्यांनी १९०६ मध्ये युरोपियनांवरील विजयात मोठा वाटा उचलला. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाचे बहुतेक सामने हरले, पण बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. दलित समाजाला त्यांचा विलक्षण अभिमान होता आणि तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर वाटे.

बाळूंच्या वर्तनात कोणी दोष काढल्याचे आढळत नाही. कर्णधारपद तरीही त्यांना मिळाले नाही. म्हणजे ज्या समाजात चांगले वर्तन ही आदराची अट म्हणून सांगितली जात होती, त्याच समाजात ती अट पुरी करणाऱ्याला आदर नाकारला जात होता. खरी अट जन्माची होती.

१९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी हे उघड झाले. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्वाच्या निवडीत त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांचा दावा डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघांनी खेळण्यास जाहीर नकार दिला. संघाची निवड झाल्यावर खेळण्यास नकार देणे ह्याला रूढ भाषेत बेशिस्त म्हणतात. परंतु त्या नकारानंतर बाळूंना संघात घेण्यात आले व उपकर्णधार नेमण्यात आले. आणि १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले व तो संघ विजयी ठरला. आज त्या बेशिस्तीकडे आपण पालवणकर बंधूंच्या चारित्र्यातील सर्वांत उज्ज्वल कृती म्हणून पाहतो. 'वर्तन' ह्या शब्दाचा अर्थ आज्ञाधारकपणा असा घेतला तर इतिहास आपल्याला चुकीच्या माणसांचा आदर करावयास लावील, हा ह्या प्रसंगाचा बोध होय.

बाळूंच्या आयुष्यातील आणखी एक घटना येथे नोंदली पाहिजे. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी आणि पुढेही त्यांची राजकीय भूमिका डॉ. आंबेडकरांहून वेगळी राहिली. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. मतदारांना बाळूंच्या पराक्रमाचा विसर पडला होता असे म्हणवत नाही. गोलंदाजीतील थोरवी हे राजकीय विश्वासाचे प्रमाणपत्र होत नाही, एवढे मात्र त्या निकालाने दाखविले. उलटपक्षी, त्या पराभवाने १९११ च्या ११४ गड्यांतून एकही वजा झाला नाही.

वर्तनाचा निवाडा करताना भाषाही कशी पक्षपात करते ह्याचे एक ठळक उदाहरण क्रिकेटच्या जगातच सापडते. मुंबईकडूनही खेळलेले विनू मांकड ह्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत, चेंडू टाकण्यापूर्वी यष्टीबाहेर पुढे सरकलेल्या बिल ब्राऊन ह्यांना धावचीत केले. त्याच दौऱ्यात त्यांनी ब्राऊन ह्यांना आधीही असेच बाद केले होते. कृती नियमाला धरून होती, आणि स्वतः ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन ह्यांनी पुढे मांकडांची बाजू घेतली. तरीही मांकडांच्या आडनावापासून 'मांकडिंग' हे क्रियानाम तयार झाले आणि अखिलाडू वर्तनाचा पर्याय म्हणून ते जगभर चालले. नियमाचा फायदा अगोदर उठविणारा फलंदाज होता. कलंक चिकटला तो गोलंदाजाला. ह्या शब्दप्रयोगाला सुनील गावसकरांनी आक्षेप घेतला. २०२२ मध्ये मेरिलिबोन क्रिकेट क्लबाने ही कृती अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात घातली. एका माणसाच्या नावावरील डाग नियमाच्या पुस्तकातून पुसण्यास पाऊणशे वर्षे लागली. बोलण्यातून तो अद्यापि पुसला गेलेला नाही. शब्दाने दिलेली शिक्षा न्यायालयाच्या शिक्षेहून दीर्घ असते आणि तिच्यावर अपील नसते.

आपल्या 'खिलाडूवृत्ती' ह्या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. 'खेळाडू' ह्या शब्दात खेळकरपणाची छटा पूर्वीपासून आहे. इंग्रजी खेळांबरोबर आलेल्या नीतिकल्पनेसाठी 'खिलाडूवृत्ती' हा शब्द आपण रूढ केला. हार हसतमुखाने स्वीकारणे हा त्याचा गाभा. तो गुण मोठा आहे, परंतु अन्यायही हसतमुखाने स्वीकारणे असा त्याचा अर्थ केला तर विठ्ठल आणि शिवराम त्यात नापास होतील.

ह्याचा अर्थ वर्तनाची कसोटीच टाकून द्यावी असा होत नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांचा निर्णय अमान्य करून शिवराज राक्षे ह्यांनी पंचांना लाथ मारली. ह्यापूर्वी दोन वेळा ही गदा जिंकलेल्या मल्लावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. मूळ निर्णय चूक की बरोबर हा प्रश्न वेगळा आणि तोही तपासण्याजोगाच आहे. पण १९२० चा नकार आणि २०२५ ची लाथ ह्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्या कृतीत खेळाडूंनी स्वतःचे नुकसान पत्करून अन्यायाला विरोध केला. दुसरीत तालमीत कमावलेले बळ दुसऱ्याच्या शरीरावर वापरले गेले. तथापि एका रागाच्या क्षणावरून आयुष्यभराचा निवाडा करू नये, हा धडा मांकडांच्या उदाहरणातून येथेही लागू पडतो. बंदीला मुदत असते. तशी ती लोकांच्या रोषालाही असली पाहिजे.

ह्या प्रसंगांवरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठीत 'लौकिक', 'मान' आणि 'आदर' हे तीन शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. लौकिक कर्तृत्वाचा असतो. तो गडी, धावा आणि कुस्त्या ह्यांच्या हिशेबात राहतो आणि वर्तनामुळे घटत नाही. मान समाज देतो, व्यासपीठावर किंवा भिंतीवर. तो देताना हा माणूस आम्ही मुलांसमोर ठेवीत आहोत, असे समाज जाहीर करीत असतो, म्हणून तेथे वर्तनाचा विचार करण्याचा त्याला अधिकार आहे. आदर ज्याच्या त्याच्या मनाचा. त्याची सक्ती कोणी करू शकत नाही. वादाचे मूळ बहुधा ह्या तिहींच्या गल्लतीत असते. एक पक्ष लौकिकाच्या बळावर आदर वसूल करू पाहतो, दुसरा आदर गेला म्हणून लौकिकही पुसू पाहतो.

मान देताना किंवा नाकारताना मात्र तीन बंधने पाळली पाहिजेत. दोष त्या व्यक्तीच्या कृतीचा असावा, जन्माचा किंवा मताचा नव्हे. त्या कृतीने कोणाला तरी खरी इजा झालेली असावी. केवळ रूढीचा किंवा वरिष्ठांचा अवमान पुरेसा नाही. आणि माप सर्वांना एकच असावे. बाळूंच्या काळातील समाजाने ही तिन्ही बंधने मोडली होती, म्हणून त्याला कोणाच्या वर्तनाविषयी बोलण्याचा अधिकार उरला नव्हता.

रावेरच्या वस्तादांचा निर्णय ह्या कसोट्यांना उतरतो. त्यांनी डाव टाकून दिला नाही, कारण विद्येने कोणाचा अपराध केलेला नव्हता. छायाचित्र लावले नाही, कारण मार खाणारी स्त्री त्याच गावात राहत होती आणि त्या भिंतीवरून तिला जावे-यावे लागत होते. खेळाडूच्या घरात डोकावू नये असे म्हणणाऱ्यांनी त्या घरात आणखी कोण राहते ह्याचाही विचार करावा. ज्यांची छायाचित्रे भिंतीवर आहेत त्यांनाही हेच माप लावले होते काय, असे मी वस्तादांना शेवटी विचारले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जेवढं कळलं तेवढ्यांना लावलं." इतिहासाच्या अभ्यासकालाही ह्याहून अधिक दावा करता येणार नाही.