पाळणाघराची फी : अर्धवेळ आणि अनियमित वेळांचा हिशेब

सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच अशा ठरावीक वेळेत नोकरी करणाऱ्या आईच्या मुलासाठी पाळणाघराने महिन्याला किती फी घ्यावी, हा हिशेब बहुतेक शहरांत एव्हाना रुळलेला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र अशा नोकऱ्या थोड्या. जिल्हा रुग्णालयातील परिचारिकेची पाळी बदलत राहते. एसटीच्या महिला वाहकाची ड्यूटी आज पहाटेची, तर उद्या दुपारची असते. मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाईला हंगामात उसंत नसते आणि पावसाळ्यात तेथे काम नसते. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. या साऱ्यांच्या मुलांना सांभाळणारे कोणीतरी हवेच असते. पण आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्या, किंवा या आठवड्यात सकाळी व पुढच्या आठवड्यात दुपारी येणाऱ्या मुलाची फी ठरवायची कशी, याचे उत्तर पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींकडे सहसा तयार नसते. मग ‘द्या काय द्यायचे ते’ असे म्हटले जाते. पुढे घरभाडेही सुटेनासे झाले की पाळणाघराची पाटी उतरते आणि त्या दहा-बारा आयांना पुन्हा सासू, शेजारीण किंवा थोरली मुलगी यांच्याकडे पाहावे लागते.

फी ठरवताना मूळ चूक होते ती अशी, की मूल जितके तास आले तितक्या तासांचा मोबदला घ्यायचा, असे गृहीत धरले जाते. वास्तविक पाळणाघर तास विकत नाही. ते जागा राखून ठेवते. मूल आले नाही म्हणून घरभाडे कमी होत नाही, मदतनीस बाईचा पगार कापता येत नाही आणि त्या दिवसापुरते दुसरे मूलही मिळत नाही. वाचतो तो फक्त वाटीभर खाऊ आणि कपभर दूध.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकीने आपापले घालावेत. समजा, एका घरगुती पाळणाघरात १० जागा आहेत आणि ते महिन्याचे २६ दिवस, रोज १० तास उघडे असते. भाडे ४,००० रुपये, मदतनीस ५,०००, दूध-खाऊ-गॅस ३,०००, वीज, साबण, फिनेल, खेळणी व किरकोळ दुरुस्ती २,००० आणि चालिकेचा स्वतःचा मेहनताना १०,००० असा एकूण खर्च २४,००० रुपये होतो. यातील शेवटची रक्कम बहुतेक जणी धरतच नाहीत. ‘उरेल ते माझे’ असे म्हणतात आणि उरत काही नाही. स्वतःचा मेहनताना खर्चाच्या बाजूलाच लिहावा, उत्पन्नाच्या बाजूला नव्हे.

आता २४,००० भागिले १० असे करून २,४०० रुपये फी ठरवणे सोपे वाटते. पण वर्षभर सर्व जागा भरलेल्या राहत नाहीत. बदल्या होतात, मुले शाळेत जाऊ लागतात, उन्हाळ्यात आजोळी जातात. सरासरी ७ जागा भरलेल्या राहतील असे धरले तर एका पूर्णवेळ जागेची खरी किंमत सुमारे ३,४३० रुपये, म्हणजे ताशी साधारण १३ रुपये पडते. पुढचे सगळे दर या आकड्यावरून निघतात.

अर्ध्या दिवसाची फी निम्मी, म्हणजे १,७१५ रुपये असावी, असे पालकांना साहजिकच वाटते. ती निम्मी तेव्हाच परवडते, जेव्हा त्याच जागेवर उरलेला अर्धा दिवस दुसरे मूल येते. सकाळच्या वेळेला मागणी असते. दुपारी शाळेतून सुटलेली थोडी मोठी मुले मिळाली तर मिळाली, एरवी जागा रिकामी. म्हणून अर्धवेळ फी पूर्ण फीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास, आपल्या उदाहरणात २,२३० रुपये ठेवावी. जोडीला दुसरे मूल मिळाले तर दोघांनाही सवलत देऊन ती ५५ टक्क्यांवर, सुमारे १,९०० रुपयांवर आणता येते. यामुळे पालक स्वतःच जोडीदार शोधून आणतात, हा वरचा फायदा. मात्र एक मूल साडेबाराला जाणार आणि दुसरे बाराला येणार असेल, तर तो अर्धा तास दोन जागांचा होतो आणि नेमका जेवणाचा असतो. वेळा ठरवताना हे पाहावे.

आठवड्यातील काही दिवसांसाठी येणाऱ्या मुलांबाबत एकच प्रश्न विचारावा : दिवस ठरलेले आहेत काय? सोमवार, बुधवार, शुक्रवार असे पक्के असतील तर मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याला देता येतात. तेथे ६० टक्के, म्हणजे साधारण २,०६० रुपये योग्य. ‘तीन दिवस, पण कोणते ते आदल्या दिवशी सांगू’ असे असेल तर ती जागा कोणालाच देता येत नाही. तेथे ८० टक्के, सुमारे २,७५० रुपये घेणे अवाजवी नाही. पालकांना हा फरक सुरुवातीला खटकतो, परंतु कागदावर मांडून दाखवला की पटतो.

फिरत्या पाळीच्या नोकरदारांसाठी महिन्याच्या तासांची आगाऊ नोंदणी हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग होय. परिचारिकेचे यजमान घरी असतात ते दिवस आणि तिच्या रात्रपाळ्या वगळल्या, तर तिला महिन्याला समजा १२० तास लागतात. अनियमितपणाचा भार धरून ताशी १७ रुपयांनी ते २,०४० रुपयांना द्यावेत. पूर्णवेळ जागेपेक्षा तिला हे बरेच स्वस्त पडते आणि पाळणाघराचेही नुकसान होत नाही. अट एवढीच, की पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता हाती येताच त्याची प्रत पाळणाघरात पोहोचावी. आदल्या सायंकाळपर्यंत कळवलेला बदल मान्य करावा. न कळवता चुकवलेले तास वापरले असे समजावे. उरलेले तास पुढे न्यायची मुभा असावी, पण एकाच महिन्यापुरती आणि चौथ्या हिश्शापर्यंत. अन्यथा मे महिन्यात साठवलेले तास सगळ्याच जणी जूनमध्ये वापरू पाहतात.

क्वचित कधी, लग्नकार्य किंवा दवाखान्यासाठी, दोन-चार तास मूल ठेवणाऱ्यांचा दर वेगळा व चढा असावा. २५ रुपये तास आणि किमान तीन तास. नवखे मूल रडते, त्याला कडेवर घेऊन बसावे लागते आणि बाकी नऊ जणांकडे लक्ष कमी होते. याची ती किंमत आहे. या उत्पन्नावर भाड्याची भिस्त कधीही ठेवू नये.

खाड्यांचा विषय हमखास वादाचा. ताप, हगवण, गोवर अशा दुखण्यांत मूल घरीच ठेवायला हवे. पण फीची पूर्ण सूट मिळाली तर पाळणाघर बुडते आणि काहीच सूट मिळाली नाही तर आई आजारी मूलसुद्धा आणून सोडते. मधला मार्ग म्हणजे सलग १५ दिवसांहून अधिक व आधी कळवलेल्या रजेसाठी निम्मी फी. तिला सवलत न म्हणता जागेची राखणावळ म्हणावे. पाळणाघराच्या स्वतःच्या सुट्ट्या, विशेषतः दिवाळी आणि होळीच्या, वर्षारंभीच लिहून द्याव्यात.

उशिरा नेण्याच्या दंडाबाबत मात्र जपून राहावे. इस्रायलमधील हैफा शहरातील १० खासगी पाळणाघरांवर युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६ पाळणाघरांत उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावताच उशिराचे प्रमाण कमी न होता जवळजवळ दुप्पट झाले आणि दंड उठवल्यावरही ते पूर्वपदावर आले नाही. पूर्वी पालकांना ओशाळे वाटायचे; पैसे मोजू लागल्यावर उशीर ही विकत घेतलेली सोय झाली. नंदुरबारात तर बस वाटेत बंद पडते, परिचारिकेला सोडवायला पुढच्या पाळीची सहकारी आलेली नसते. अशा आईला दंड करणे प्रस्तुत लेखकाला तरी पटत नाही. महिन्यातून दोन-तीन वेळांचा उशीर चालवून घ्यावा, त्यापुढे वाढीव तास म्हणून आधी जाहीर केलेला दर लावावा आणि ताईंनी किती वाजेपर्यंत थांबायचे ते पक्के असावे.

येथपर्यंतचे गणित पगारदारांचे झाले. रोजंदारीवरील आईसमोर ते कोलमडते. वरच्याच हिशेबाने एका दिवसाची किंमत १३० रुपयांच्या पुढे जाते. दोन मुले असली तर २६० रुपये. एवढे देऊन शेतावर किंवा पथारीवर जाण्यात तिला अर्थ उरत नाही. शिवाय जागा राखण्याचे तत्त्व तिच्या बाबतीत उलटे पडते, कारण ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी फी देण्याची तिची ऐपत नसते. दर कितीही कौशल्याने ठरवला तरी हे अंतर भरून निघत नाही. ते भरले जाते थोरल्या बहिणीकडून, तिची शाळा बुडवून. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

शासनाने हे अंतर भरण्याचे प्रयत्न केलेले आहेत, आणि त्यांतील दररचना अभ्यासण्यासारखी आहे. २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. तिचेच रूप म्हणजे २०१७ ची राष्ट्रीय पाळणाघर योजना. तिच्यात २५ मुलांचे पाळणाघर, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास अशी आखणी होती. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे महिन्याला २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांकडून १०० आणि त्यावरील उत्पन्न असलेल्यांकडून २०० रुपये घ्यायचे होते. जागेचा खर्च अनुदानातून भागल्यामुळे मूल महिन्यात १० दिवस आले की २२, याने फीमध्ये फरक पडत नव्हता. २०२२ पासून ही योजना मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीला जोडण्यात आली. पण साडेसात तास पुरतात कोणाला? ऊसतोडीची टोळी उजाडण्यापूर्वी फडात उतरते.

रोजगार हमीची तऱ्हा निराळी. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करावी आणि तिला इतर मजुरांप्रमाणेच मजुरी द्यावी. येथे मुलामागे दरच नाही. सांभाळणारीची मजुरी कामाच्या खर्चात धरली आहे. काम असेल त्या दिवशी पाळणाघर, काम नसेल त्या दिवशी दोघींनाही सुट्टी. अनियमित कामासाठी याहून सुटसुटीत रचना सापडणे कठीण, असे आमचे मत आहे.

खासगी कामावर हीच रीत लावण्याला अडचण कायद्याच्या मर्यादेची आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. ही तरतूद आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. परंतु हंगामापुरत्या बोलावलेल्या आणि कामाच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या बायांची नावे हजेरीपटावर असतातच असे नाही. मग पन्नासचा आकडा भरायचा कसा?

तोपर्यंत शेजारच्या चार-पाच पथारीवाल्यांनी मिळून हंगामापुरती एक खोली आणि दोन बाया ठेवणे शक्य आहे. त्यांचा पगार मालावर वाटून घ्यावा आणि आईकडून घ्यायचेच असेल तर मजुरी हातात पडते त्या दिवशी, नाममात्र घ्यावे. हंगाम संपताना, होळीच्या आधी, खोलीचा हिशेब मिटवावा. सातपुड्यातल्या मजूर बाया त्या सुमारास गावी परततात आणि त्यानंतर मागची बाकी मागायला कोणी सापडत नाही.