टे नदीकाठचे डंडी आणि इंदूरची एक दिवाळी

इंदूरच्या वा बडोद्याच्या जुन्या वस्तीतील मराठी माणसाला डंडी हे नाव परके वाटेल. पण या दोन्ही शहरांच्या रचनेविषयी तेथील दरबारांना ज्याने अहवाल लिहून दिले, तो पॅट्रिक गेडिस १८८८ पासून १९१९ पर्यंत स्कॉटलंडमधील या गावच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. गाव म्हटले खरे. परंतु व्हिक्टोरिया राणीने १८८९ साली सनद देऊन त्याला शहराचा दर्जा दिला आहे. लोकसंख्या सुमारे दीड लाख. सकाळी आगगाडीतून उतरलेला माणूस दिवेलागणीपर्यंत ते पायी पाहू शकतो.

स्थानकाबाहेर लगेच टे नदीचे विशाल मुख दिसते. काठाने थोडे पश्चिमेस गेले की रेल्वेचा लांबच लांब पूल लागतो. हा दुसरा पूल, १८८७ सालचा. त्याच्या कडेने पाण्यातून ठेंगणे बुंधे वर आलेले दिसतात, ते पहिल्या पुलाच्या खांबांचे. तो पूल १८७८ मध्ये खुला झाला आणि २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री धावत्या गाडीसह नदीत कोसळला. गाडीतील एकही जीव वाचला नाही. चौकशी करणाऱ्या तिघांपैकी दोघे अभियंते होते. त्यांनी पुलातील दोष सांगितले; पण दोषी कोण, हे नाव घेऊन सांगण्याचे काम तिसऱ्याने, रॉदरी नावाच्या कायदेपंडिताने केले. माझ्या व्यवसायाविषयी चांगले बोलण्याचे प्रसंग थोडे येतात, म्हणून हा नोंदवून ठेवतो.

डंडीची श्रीमंती बंगालच्या तागावर उभी राहिली. ताग मूळचा कडक. तो यंत्रावर कातता येईना. व्हेल माशाचे तेल आणि पाणी लावून तो मऊ करण्याची युक्ती साधली, आणि व्हेलच्या शिकारीची जहाजे तर याच बंदरातून निघत. पुढे क्रिमियाच्या युद्धाने रशियाची जवस-अंबाडी अडली, अमेरिकेतील यादवी युद्धाने गोणपाटाची मागणी वाढविली. परक्यांची युद्धे या गावाला अशी फळली. लॉकी भागातील कॅम्परडाऊन गिरणीत सुमारे पाच हजार माणसे राबत. तिचे २८२ फूट उंचीचे रंगीत विटांचे धुराडे अजून उभे आहे. मजुरांत स्त्रियांची संख्या फार मोठी, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. बाई गिरणीत आणि नवरा घरी चुलीपाशी, असा येथला संसार होता. व्हर्डंट वर्क्स या १८३३ सालच्या गिरणीत आता तागाचे संग्रहालय आहे. दुपार तेथे द्यावी. ज्या गोण्यांतून आपल्या देवस्थानांच्या कोठारांत तांदूळ येत असे, त्या गोणपाटाचा जन्म कोणत्या कोंदट हवेत झाला, ते तेथे उमगते. पुढे कलकत्त्याच्या गिरण्यांनी हाच धंदा डंडीच्या हातून काढून घेतला. त्या गिरण्यांतील यंत्रेही बहुधा डंडीची आणि देखरेख करणारेही डंडीचेच.

गेडिसला नोकरीमुळे उन्हाळ्याचे सत्र तेवढे येथे काढावे लागे. पण गिरणीच्या सावलीतील दाट चाळी त्याने वर्षानुवर्षे पाहिल्या. शहर म्हणजे झाडासारखी सजीव वस्तू, तिचे मूळ न तोडता रोगट फांदी तेवढी छाटावी, हा त्याचा सिद्धांत. हिंदुस्थानात त्याने तोच चालविला. सरळ रुंद रस्त्यासाठी जुनी आळीच्या आळी पाडण्यास त्याचा विरोध असे. डासांच्या भीतीने तळी बुजविणाऱ्यांना तो मासे आणि बदके सोडण्याचा सल्ला देई.

१९१७ साली इंदुरात प्लेगची धास्ती होती. दिवाळीची मिरवणूक, ज्या गल्ल्यांतील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त दिसतील त्यांतूनच जाईल, असे गेडिसने जाहीर करविले. लोक झाडू-चुन्याला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. आणि शहर झाडणारी माणसे मानाने चालत होती. घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली. जिच्या दारी तुळस नीट राखलेली, ते घर आरोग्यवान, हे त्याने वैद्यकाच्या अंगाने ओळखले होते. झाडणाऱ्यांना असा मान आपल्या उत्सवांत त्यापूर्वी कितीदा मिळाला, आणि तो देण्यास वनस्पतिशास्त्राचा परदेशी प्राध्यापक का यावा लागला, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

डंडी सोडल्यावर १९१९ ते १९२४ तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये होते. तो विभाग पुढे त्यांनीच सांभाळला.

सायंकाळी 'लॉ'वर चढावे. हे नाव ऐकून वकिलाने हुरळून जाऊ नये. स्कॉट बोलीत लॉ म्हणजे टेकडी. वरून नदी, पूल आणि सारे शहर एका नजरेत येते, आणि काय नाहीसे झाले तेही कळते. विल्यम ॲडमने बांधलेले अठराव्या शतकातील नगरभवन, ज्याच्या कमानींखाली गाव भेटत असे, ते १९३२ मध्ये पाडले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेडिस फ्रान्समध्ये वारला. नंतर ओव्हरगेटची जुनी पेठ गेली. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या रस्त्याच्या पुलासाठी जुन्या गोद्या बुजविल्या आणि गाव आपल्याच नदीपासून तुटले. आता तीच नदी परत मिळविण्याचे काम चालू आहे. १९०१ मध्ये येथेच बांधलेले 'डिस्कव्हरी' जहाज १९८६ साली माघारी आणून काठाशी ठेवले; त्याच्या शेजारी जपानी वास्तुकार केंगो कुमा यांनी रचलेले संग्रहालय २०१८ मध्ये उघडले. त्याच्या मधोमध एक मोठी कमान आरपार मोकळी सोडली आहे, रस्त्यावरून येणाऱ्याला पाणी दिसावे म्हणून.