अफूच्या वाटेनं भेस्तानपर्यंत

१५६३ साल. तुम्ही गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या घरी बसला आहात. त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक इथल्याच छापखान्यात यंदा छापलं गेलंय. तो तुमच्यापुढे अफूचे प्रकार मांडतो. एडनकडची काळी आणि टणक. खंबायत, मांडू आणि चितोडकडची मऊ, पिवळसर. अहमदनगरच्या निजामशहाचाही तो वैद्य होता, त्यामुळे तिथली एक हकिकत त्याच्या जिभेवर आहे. दरबारातला एक खुरासानी चिटणीस दिवसाला तीन तोळे अफू खायचा. विद्वान माणूस, लिखाणात तरबेज, पण सदा पेंगलेला.

तीन तोळे म्हणजे पस्तीस ग्रॅम. सवय नसलेल्याचा श्वास त्याच्या अंशानंही बंद पडेल. वीसेक वर्षांनी गोव्यात आलेला लिन्शोटेन हा डच माणूस नेमकं हेच लिहून ठेवतो: सवय लागलेल्याला ती रोज लागतेच, आणि नवख्यानं तेवढीच घेतली तर तो मरतो. अफू मेंदूत ज्या रिसेप्टरांना जाऊन चिकटते ते कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांना १९७३ साली सापडले. निरीक्षण मात्र आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षं आधीच नोंदलेलं होतं.

आता १९२२. परळची चाळ, पहाटेचा भोंगा. समोरची बाई वाइंडिंग खात्यात कामाला आहे. सहा महिन्यांचं पोर मांडीवर. ती पुडीतून नखावर मावेल एवढी एक काळी गोळी काढते, बोटानं पोराच्या तोंडात टाळूला लावते आणि ते चोखून संपेपर्यंत थांबते. ही बाळगोळी. तिच्यात अफू आहे. पोर झोपतं, रडत नाही, दूधही मागत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारची म्हातारी अधूनमधून डोकावेल, बस. याच वर्षी डॉ. बार्न्स मुंबईतल्या कामकरी बायकांची पाहणी करतात आणि लिहितात की त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. त्या आईला नावं ठेवण्याआधी तिच्या दिवसाचे तास मोजा. गिरणीत पाळणाघर नाही, घरी दूध नाही, खाडा झाला की पगार कापला. पोराला काही दुखत नव्हतं. त्याचं गप्प असणं गिरणीला हवं होतं.

पुढचा थांबा १९८६, आणि इथे जरा रेंगाळा. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्टला मुक्तांगण सुरू झालंय. अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे हेरॉइनच्या नशेवर, लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले आणि डॉ. अनिता अवचटांनी काम अंगावर घेतलं. तुमच्या समोरच्या खाटेवर विशीतला पोरगा टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, आहे. नाक गळतंय, अंगावर काटा, जुलाब थांबत नाहीत, पाय स्वस्थ राहत नाहीत. चांदीच्या कागदावरचा शेवटचा धूर ओढून चार दिवसही झाले नाहीत आणि ही अवस्था. त्याला कुणी मारत नाही, बांधत नाही. कुणीतरी पाय दाबत बसलंय.

त्याच वर्षी मुंबईत, वांद्र्याला, डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस उघडलं. तिथे कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना मॉर्फिन दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिकाही १९८६चीच: औषध तोंडानं द्या, घड्याळ लावून द्या, दुखणं वाढेल तशी पायरी चढा. म्हणजे एकाच वर्षी, दीडशे किलोमीटरच्या आत, एका घरात अफूच्या पोटचं औषध माणसाच्या अंगातून काढायची धडपड आणि दुसऱ्यात तेच माणसाला मिळावं म्हणून धडपड. मला यात विरोध दिसत नाही. दोन्हीकडे कुणीतरी आधी विचारलं होतं, तुला काय होतंय?

कायद्यानं ते विचारलं नाही. अंमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा एनडीपीएस कायदा गर्दवाल्यांना पकडायला आला. किमान दहा वर्षांची शिक्षा, एकामागून एक परवाने. इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला त्याचा वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी घसरला. नीमच, मंदसौर, चितोडगड इथल्या शेतांत, ओर्ताच्या त्याच मांडू-चितोडच्या मुलखात, सरकारी परवान्यानं अफू पिकत होती आणि परदेशी जात होती. इकडचे रोगी विव्हळत होते.

मॉर्फिननं व्यसन लागेल ही डॉक्टरांची भीतीही अगदीच खोटी नव्हती. १९८० साली बोस्टनहून एक चिमुकलं पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं: इस्पितळात मादक वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागलं. ते इस्पितळातल्या देखरेखीखालचं होतं. अमेरिकेत मात्र त्याच्या आधारावर घरोघरच्या पाठदुखीलाही या गोळ्या सुरक्षित ठरवल्या गेल्या, आणि माणसं हजारोंनी गेली.

आता सुरत, भेस्तान, आजचा दिवस. तुम्ही नंदुरबारकडचे, लूम्सच्या खात्यात बारा तासांची पाळी करता. बापूंच्या तोंडाला कॅन्सर आहे, तंबाखूनं दिलेला. रात्री दोनला ते उठून बसतात, "दुखस रे भाऊ" म्हणतात. मेडिकलमधून आणलेली ट्रामाडॉलची पाकिटं आता पुरत नाहीत, आणि २०१८पासून तीही एनडीपीएसखाली आली. २०१४च्या दुरुस्तीनं मात्र मॉर्फिनची वाट थोडी मोकळी केली: मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना पुरतो. तसा परवाना असलेल्या ओपीडीत तुम्ही बापूंना घेऊन आला आहात.

"सवय लागली तर?" तुम्ही विचारता.

डॉक्टर हसण्यावारी नेत नाहीत. शरीराला सवय होईल, म्हणून एकदम बंद करायचं नाही, कमी करत आणायचं, त्या सांगतात. पण दुखणं नसतानाही गोळीसाठी जीव कासावीस होणं, तिच्यासाठी घरदार विकणं, हे वेगळं. त्यावर आमचं लक्ष राहील. दहा मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता. झोपताना दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध बरोबर, ते चुकवलंत तर बापूच गोळी नाकारतील. डबा कुलपात. खोलीत आणखी कोण राहतं? पाचजण? मग किल्ली तुमच्या खिशात. उरलेल्या गोळ्या परत आणायच्या, मोजून.

आठवड्यानं तुम्ही पुन्हा त्याच बाकावर. बापू अजून पहाटे तीनला जागे होतात, तुम्ही सांगता. त्या वहीत बघतात, डोस दहाचा पंधरा करतात आणि तुम्हाला विचारतात, "तुम्ही स्वतः किती झोपता?"