खोडलेलें नांव

छापील कादंबरी वाचकांच्या हातीं येते. तिचीं खोडाखोडीचीं पानें मात्र बहुधा नाहींशीं होतात. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही भयकथा १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. तिचीं टिपणें १८९० पासूनचीं. त्यांत उमरावाचें नांव प्रथम ‘वॅम्पिर’ होतें. व्हिटबीच्या वाचनालयांत जुना इतिहासग्रंथ चाळतांना ‘ड्रॅक्युला’ हें नांव सांपडलें आणि पहिलें खोडलें गेलें. स्टोकरच्या निधनानंतर, १९१३ सालीं, पत्नीनें तीं टिपणें लिलावांत काढलीं. किंमत आली दोन पौंडांच्या आसपास! पुढें तीं फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयांत विसावलीं. रॉबर्ट एटीन-बिसँग ह्या कॅनडांतील ग्रंथसंग्राहकानें विदुषी एलिझाबेथ मिलर ह्यांच्यासह २००८ सालीं तीं मूळ हस्ताक्षरासह छापिलीं. बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयांत दुर्मिळ मराठी पुस्तकें टिकलीं, तीहि अशाच ग्रंथप्रेमापायीं. लेखक खोडतो, काळ पुसतो. राखतो तो वाचकच.