टाकीच्या खड्ड्यातील बाटल्या

सोसायटीची नोंदणी, प्लॉटवाटप, रस्ते आणि पाणी यांवर या स्मरणिकेत इतर सभासद लिहीत आहेत. माझ्याकडे विषय आला आहे तो ऑफिसच्या लोखंडी कपाटातल्या पाच बाटल्यांचा. पंचवीस वर्षांपूर्वी जमिनीखालच्या टाकीचा खड्डा खणताना सहा-सात फुटांवर त्या निघाल्या. निघाल्या तेव्हा सात होत्या. दोन कशा गेल्या हे सांगितले, की पाच कशा जपायच्या ते आपोआप कळेल.

आधी ओळख करून देतो. दोन बाटल्या गोटी सोड्याच्या आहेत. गळा चिमटा काढल्यासारखा दबलेला आणि आत काचेची गोटी. ही युक्ती हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची, पेटंट १८७२ चे. सोड्यातला वायू गोटीला वर ढकलतो, ती तोंडाच्या रबरी कड्याला घट्ट बसते, बुचाची गरजच नाही. आमच्या पिढीने जत्रेत हा सोडा भरपूर प्यायला आहे. उरलेल्यांत दोन औषधाच्या आणि एक शाईची दौत. औषधाच्या बाटल्यांवरची साच्याची रेघ तोंडापर्यंत जात नाही, खालीच थांबते. म्हणजे अंग साच्यात झाले आणि तोंड मागाहून हाताने घडवले. ही जुन्या कामाची खूण.

त्या काळी आपल्याकडे काच येणे सोपे नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. जालन्याला रेल्वे १९०० साली आली, बीड शहराला मात्र १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला! ब्रिटिश मुलखात स्वदेशीच्या चळवळीतून पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला, तीच ओगलेवाडी. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. बाटली कुठल्याही भट्टीतली असो, बीडपर्यंतचा तिचा शेवटचा टप्पा बैलगाडीचा किंवा मोटारीचा. त्यामुळे रिकामी बाटली कुणी फेकत नसे. तिच्यात रॉकेल, तेल, काढा, काहीतरी भरले जाई. म्हणूनच अख्ख्या सात बाटल्या मातीत सापडणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता त्या दोघींची हकीकत. एप्रिलचे दिवस होते. पहिली बाटली मातीच्या ढिगावर सकाळपासून तीन वाजेपर्यंत उन्हात पडून होती. एका मजुराने चांगल्या भावनेने माठातले गार पाणी ओतून ती धुतली. टण्णकन आवाज आला आणि बुडाशी गोल तडा गेला. दुसरीला तर कुणी हातही लावला नव्हता. ओलीच खिडकीत ठेवली होती. आठ-दहा दिवसांत तिच्या अंगावरून अभ्रकासारख्या खपल्या सुटल्या आणि गळा चुरला.

पहिलीचे कारण घरातल्या जुन्या बायकांना पाठ होते. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच गेलीच. उष्णतेने काच वाढते, थंडीने आकसते. साधी काच दर अंशाला लांबीच्या दहा लाख भागांमागे सुमारे नऊ भाग वाढते, प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच सुमारे तीनच. बाहेरचा थर आकसला आणि आतला तसाच राहिला, तर ताण येतो. त्यातून जुनी बाटली भट्टीतून काढल्यावर पुरेशी सावकाश निववली नसेल, तर ताण तिच्यात जन्मापासूनच असतो. जाड बूड आणि पातळ अंग एका वेगाने निवत नाहीत, म्हणून तडा बहुधा बुडाशी जातो. बाटलीला नुसती उष्णता मारत नाही, एकदम झालेला बदल मारतो.

दुसरीचे दुखणे वेगळे. मातीतला ओलावा वर्षानुवर्षे काचेतला सोडा धुऊन नेतो आणि वर वाळूचा पाणी धरलेला पातळ थर उरतो. इंद्रधनुष्यासारखी चकाकी दिसते ती त्याचीच. तो एकदम वाळला की खपल्या सुटतात. जमिनीत सहा-सात फुटांवर ऊन-थंडीचा फरक फारसा पोचत नाही आणि ओल टिकून असते. वर मात्र आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात पहाटे बारा-तेरावर येतो. इतकी वर्षे मातीने जे सांभाळले, ते आपण आठवड्यात घालवले.

तेव्हा पुन्हा कुठे खोदकामात बाटली निघाली, तर आधी सावलीत न्यावी. लागलेल्या ओल्या मातीसकट कापडात गुंडाळून ती अनेक दिवस हळूहळू वाळू द्यावी. धुवायचीच तर बाटलीच्याच तापमानाच्या पाण्याने, मऊ ब्रशने. पण खपल्या दिसल्या तर पाणी लावूच नये. गरम पाणी, ॲसिड, घासणी वर्ज्य. रंगीत चकाकी खरवडू नये, ती बाटलीची कातडी आहे. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपुढची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते. भंगारात देण्याआधी जाणकाराला दाखवावी.

रौप्यमहोत्सवानिमित्त या बाटल्या प्रवेशद्वाराशेजारच्या काचेच्या कपाटात, आत दिवे लावून मांडाव्यात, अशी सूचना आली आहे. सूचना चांगली, जागा वाईट. ती भिंत पश्चिमेची. दुपारचे ऊन थेट पडते, दिव्यांची उष्णता बंद कपाटात कोंडते आणि रात्री सगळे गार होते. रोज ताप, रोज निवणे. मॅंगनीज घातलेली जुनी पांढरी काच तर वर्षानुवर्षांच्या उन्हाने जांभळट होते. माझी विनंती आहे, की कपाट सभागृहाच्या आतल्या भिंतीला लावावे, दिवा कपाटाबाहेर ठेवावा आणि बाटल्यांखाली जाड फेल्ट घालावे. खर्च तोच येईल.

बँकेची सवय जात नाही. पाचही बाटल्यांची उंची, रंग आणि असलेले तडे मी सोसायटीच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लिहून ठेवले आहेत. नव्या कार्यकारिणीने दरवर्षी मार्चअखेर दप्तर तपासताना त्या मोजाव्यात. आकडा पाचच यायला हवा.