"टेस्टमध्ये येत नाही म्हणे, खरं का?"

पोस्ट जरा लांब आहे. ओळखीतल्या एका पोराने परवा इनबॉक्समध्ये विचारलं, "दादा, नोकरीच्या मेडिकलला लघवी तपासणार आहेत. ते 'स्पाइस' ओढलं तर टेस्टमध्ये येत नाही म्हणे, खरं का?" हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याच्या प्रश्नातच या पदार्थाचा इतिहास दडलाय, म्हणून इथेच लिहितो.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी चरसमधलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, वेगळं काढून त्याची रचना मांडली. (त्यासाठीचा पाच किलो लेबनानी चरस मेशुलाम यांना पोलिसांनीच दिला आणि तो त्यांनी बसमधून नेला. आज कुणी करून दाखवा!) पुढे अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठाचे जॉन डब्ल्यू. हफमन यांनी मेंदूतल्या त्याच जागी बसणारे शेकडो कृत्रिम रेणू बनवले, तेही सरकारी संशोधन निधीतून. त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं जेडब्ल्यूएच. काम संशोधनाचं होतं, शोधनिबंध रीतसर छापले. कृती मात्र सगळ्या जगाला वाचायला मिळाली.

२००४ च्या सुमारास युरोपातल्या दुकानांत 'स्पाइस'ची पाकिटं दिसू लागली. वरून धुपाचं नाव, 'माणसाने सेवन करू नये' अशी सूचना, आणि ओढणारे ओढतायत. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीत उलगडा झाला: पाला निव्वळ भर होता, त्यावर जेडब्ल्यूएच-०१८ फवारलेलं होतं. महिन्याभरात जर्मनीने बंदी घातली. मार्च २०११ मध्ये अमेरिकेने असे पाच रेणू बंद केले. मग काय, रेणूचं एखादं शेपूट बदलायचं की नवा माल तयार!

आता टेस्टचं. लघवीची नेहमीची चाचणी गांजा शोधत नाही, टीएचसी शरीरात मोडल्यावर उरणारा एक ठरावीक तुकडा शोधते. कृत्रिम रेणूंची घडणच वेगळी, त्यामुळे चाचणी गप्प. सैनिक, पॅरोलवरचे लोक, नोकरीसाठी चाचणी देणारे या मालाकडे वळले ते यामुळेच. म्हणजे गांजा पकडायला लावलेल्या जाळ्याने गिऱ्हाईक त्याहून वाईट मालाकडे ढकललं. माझ्या मते यात धोरणाचाही दोष आहे.

वाईट का? टीएचसी मेंदूतला तो नळ अर्धवट उघडतं, यातले बरेच रेणू तो पूर्ण सोडतात. झटके, भ्रम, उलट्या, हृदयाचे ठोके बिघडणं. २०१२ मध्ये अमेरिकेत १६ जणांची मूत्रपिंडं अचानक बिघडल्याची नोंद आहे. शिवाय फवारणी सारखी होत नाही. त्याच पाकिटातली एक चिमूट फिकी, दुसरी जीवघेणी.

जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच दिवशी ३३ जण रस्त्यावर शून्य नजरेने, कण्हत, झोंबीसारखे हलताना दिसले. १८ जणांना इस्पितळात न्यावं लागलं. माल होता एएमबी-फुबिनाका, टीएचसीच्या सुमारे ८५ पट तीव्र. रुग्णांच्या रक्तात मूळ रेणू सापडलाच नाही, सापडलं ते त्याचं मोडून उरलेलं रूप. ते शोधायलाही खास यंत्र आणि काय शोधायचं याचा अंदाज लागतो. २०१८ मध्ये इलिनॉयमध्ये तर मालात उंदीर मारायचं विष, ब्रोडिफॅकम, निघालं. दीडशेवर लोकांना रक्तस्राव झाला, काही दगावले.

पोराला लिहिलं: साध्या टेस्टमध्ये बहुधा येणार नाही, पण काही प्रयोगशाळा आता हे वेगळं शोधतात. आणि तू बेशुद्ध पडलास तर इस्पितळातली साधी टेस्टही कोरीच येईल, डॉक्टरांना कळणार नाही काय झालंय. सोबत कुणी असेल तर त्याने पाकीट डॉक्टरांच्या हातात द्यावं, पोलिसांच्या भीतीने फेकू नये.

त्याचं अजून उत्तर आलेलं नाही.